ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे उपचार नीट होताहेत का, हे मोजायचं कसं?

ओपीडीत समोर बसलेले बहुतेक पेशंट बरे दिसतात, आणि तेवढ्यावर आपलं काम चांगलं चाललंय असं दवाखान्याला वाटू लागतं. ज्यांना गोळ्या सोसल्या नाहीत, ज्यांना दोन महिन्यांत फरक दिसला नाही, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी यांची ज्यांना तोंडमिळवणी करता आली नाही, ते समोर बसलेलेच नसतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, थोडक्यात आर.ए., म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटून त्यांना सूज आणणारा संधिवात. या आजारात ही फसगत फार महागात पडते. सूज राहिली तर सांध्याचं हाड कुरतडलं जातं आणि एकदा झालेली झीज भरून येत नाही. बोटं वाकडी झाल्यावर आलेल्या बाईला आपण दुखणं कमी करून देऊ शकतो, तिची बोटं नाही.

हा लेख जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी संधिवाताची ओपीडी चालवणारे डॉक्टर, तिथल्या सिस्टर, समुपदेशक आणि रुग्णांचे गट यांच्यासाठी आहे. सॉफ्टवेअर लागत नाही. एक जाड रजिस्टर, एक कॅलेंडर आणि महिन्यातली एक मोकळी दुपार पुरते.

मोजून काय होतं, असं कोणी विचारलं तर मी ग्लासगोचं उदाहरण देतो. तिथला टिकोरा नावाचा अभ्यास २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. ११० रुग्ण, दोन गट. एका गटाला नेहमीसारखे उपचार. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलवायचं, सांधे मोजायचे आणि आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर असला की ठरलेल्या क्रमाने औषध वाढवायचं. दीड वर्षाने पहिल्या गटातले १६ टक्के रुग्ण रेमिशनमध्ये, म्हणजे आजार जवळपास शांत झालेले होते, दुसऱ्या गटातले ६५ टक्के. बायोलॉजिक ही नव्या पिढीची इंजेक्शनं कोणत्याच गटात नव्हती. औषधं जुनीच होती, पण ती आकडा बघून वाढवली गेली.

आरोग्यसेवेची गुणवत्ता तीन अंगांनी बघायची रीत अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडली: साधनं काय आहेत, काम कसं होतं आणि त्यातून रुग्णाला काय मिळालं. साधनांची यादी करण्यात लहान दवाखान्याने फार वेळ घालवू नये, असं माझं मत आहे. सोनोग्राफी आहे की नाही हे सगळ्यांना माहीतच असतं. खरी मेहनत उरलेल्या दोन अंगांवर घ्यावी.

पायरी १: यादी करा, आणि यादीतून कोणाला गाळू नका

सगळ्यात कष्टाचं काम हेच. केसपेपरवर निदान कुठे 'आर.ए.', कुठे 'संधिवात', कुठे 'आमवात', तर कुठे नुसतं 'सांधेदुखी' असं लिहिलेलं असतं. मागच्या वर्षाचे केसपेपर काढून बसा आणि ज्यांना मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, सल्फासलाझिन किंवा हायड्रॉक्सीक्लोरोक्विन यांपैकी आजार आटोक्यात आणणारं मुख्य औषध सुरू झालं त्यांची नावं आधी उतरवा. मेडिकल स्टोअरच्या नोंदी मिळाल्या तर काम निम्मं होतं. मग डॉक्टरांनी एकेका नावापुढे खूण करायची: नक्की आर.ए., नक्की नाही, की अजून ठरलेलं नाही. चिकुनगुन्याची साथ येऊन गेली असेल तर हा तिसरा गट मोठा निघेल, कारण त्या तापानंतर काही जणांचे सांधे कित्येक महिने हुबेहूब आर.ए.सारखे सुजतात. त्यांचं पान वेगळं ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

'निदान दोनदा आलेलेच रुग्ण धरावेत' अशी सूचना इथे हमखास येते. ती मान्य करू नका. एकदा येऊन गोळ्या नेल्या आणि पुन्हा फिरकले नाहीत, असेच लोक आपल्याला शोधायचे आहेत. त्यांना पहिल्याच पानावर वगळलं तर पुढचे सगळे आकडे गुळगुळीत दिसतील आणि त्यांचा काही उपयोग उरणार नाही.

रजिस्टरमध्ये नोंदणी क्रमांक, वय, गाव, दुखणं सुरू झाल्याचा महिना, इथे पहिल्यांदा आल्याची तारीख, आजार आटोक्यात आणणारं पहिलं औषध सुरू झाल्याची तारीख आणि पुढच्या भेटीची तारीख, एवढे रकाने ठेवा. फोन नंबर दोन घ्या. पुष्कळ बायकांचा स्वतःचा फोन नसतो, आणि नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर बदलला की संपर्कच तुटतो. माहेरचा नंबर फार कामाला येतो. आकडे दवाखान्याबाहेर कोणाला दाखवायचे झाले तर फक्त नोंदणी क्रमांक वापरा. नावं आणि फोन बाहेर जाता कामा नयेत.

पायरी २: उशीर कुठे झाला ते तुकडे पाडून मोजा

लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुख्य औषध सुरू व्हावं, अशी संधिवातावर काम करणाऱ्या युरोपातल्या युलार या संघटनेची शिफारस आहे. इंग्लंडमध्ये नाइस या संस्थेने २०१३ साली मानकं ठरवली: सांध्यांना टिकून राहणारी सूज दिसली की तीन कामकाजी दिवसांत तज्ज्ञाकडे चिठ्ठी, चिठ्ठीपासून तीन आठवड्यांत तज्ज्ञांची तपासणी, आणि सहा आठवड्यांत औषध सुरू. इंग्लंड आणि वेल्समध्ये या कालावधींचं राष्ट्रीय पातळीवर ऑडिट होतं. आपल्याकडे हे आकडे लगेच गाठता येणार नाहीत. पण उशिराचे तुकडे पाडायची पद्धत घेण्यासारखी आहे.

तीन तुकडे पाडा. दुखणं सुरू झाल्यापासून पहिल्या डॉक्टरपर्यंत. पहिल्या डॉक्टरपासून तुमच्यापर्यंत. तुमच्याकडे आल्यापासून पहिल्या मुख्य औषधापर्यंत. तिसऱ्या तुकड्याची जबाबदारी पूर्णपणे तुमची. दुसरा तुकडा लांबलचक निघाला तर आसपासच्या डॉक्टरांना भेटायला हवं. सकाळी अर्धा तास किंवा जास्त आखडलेपणा, तीन किंवा अधिक सुजलेले सांधे, हात हातात घेऊन बोटांच्या मुळांशी आडवं दाबल्यावर कळ येणं, यातलं काही दिसलं की पाठवा, एवढं सांगितलं तरी पुरे.

दुखणं कधी सुरू झालं, याची तारीख कोणालाच आठवत नाही. सणावारावरून विचारा.

"ताई, बोटं पहिल्यांदा कधी आखडली?"

"दिवाळीत. चकलीचा सोऱ्या दाबता येईना."

"गेल्या दिवाळीत, की त्याच्या आधीच्या?"

"आधीच्या. तेव्हा धाकटीचं लग्न ठरत होतं."

असा महिना पक्का लागतो. गणपती, सुगी, लग्नसराई, पहिला पाऊस यांच्या खुणा प्रत्येकाच्या डोक्यात असतात.

उशिराची सरासरी काढू नका. समजा सात जणांना २, ३, ४, ५, ७, १४ आणि ६० महिने लागले. सरासरी साडेतेरा महिन्यांवर जाते, पण ती एकट्या साठवाल्यामुळे. क्रमाने मांडून मधला आकडा घ्या: ५ महिने. आणि त्या साठवाल्याची गोष्ट वेगळी लिहून ठेवा. पाच वर्षं तो माणूस कुठे कुठे फिरला, हे कळलं की तालुक्यातल्या सेवेचा नकाशाच हाती येतो.

पायरी ३: प्रत्येक भेटीत सांधे मोजा

'बरं वाटतंय', 'आधीसारखंच' अशा नोंदींवर काही मोजता येत नाही. आकडा हवा. लहान ओपीडीला मी सीडीएआय हा आजार किती जागा आहे ते सांगणारा आकडा सुचवतो, कारण त्याला रक्ताचा रिपोर्ट लागत नाही. डास-२८ या तशाच दुसऱ्या आकड्यात ईएसआर ही सूज दाखवणारी रक्ततपासणी धरतात. आपल्याकडे कित्येक बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं आणि त्यामुळेही ईएसआर चढतो. शिवाय रिपोर्ट संध्याकाळी येतो तोवर पेशंट गावी पोचलेला असतो.

सीडीएआयची बेरीज चार गोष्टींची: २८ पैकी दाबल्यावर दुखणारे सांधे, २८ पैकी सुजलेले सांधे, रुग्णाने स्वतःच्या आजाराला ० ते १० मध्ये दिलेला आकडा आणि डॉक्टरांनी दिलेला तसाच आकडा. २८ सांधे म्हणजे दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे, हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दहा आणि मधले दहा (अंगठ्याला मुळाच्या वर एकच सांधा असतो, तो धरायचा). अंगठ्याने इतकंच दाबायचं की आपलं नख पांढरं पडेल. बांगड्या वर सरकवून मनगट बघा. मनगटाच्या मागची मऊ सूज काचेच्या बांगड्यांखाली सहज लपते. पावलांचे सांधे या मोजणीत येत नाहीत, पण चपला काढायला सांगाच. जोडवी बोटात रुतलेली दिसली किंवा 'काढूनच ठेवली' असं उत्तर आलं, तर ते केसपेपरवर लिहा.

बेरीज २.८ पर्यंत असेल तर रेमिशन, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम, त्याच्या वर तीव्र. समजा एका मावशींचे सहा सांधे दुखरे, चार सुजलेले, त्यांचा आकडा ५, डॉक्टरांचा ४. बेरीज १९. तीन महिन्यांनी ३, २, ४ आणि २, म्हणजे ११. सुधारणा उघड आहे, पण आजार अजून मध्यमच.

रुग्णाचा आकडा घेताना दोन पथ्यं पाळा. डॉक्टरांसमोर विचारू नका. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून माणसं 'बरं आहे' म्हणतात. बाहेर सिस्टरने विचारलं तर खरं सांगतात. दुसरं, वयस्क माणसं अजूनही आण्यांत बोलतात. 'बारा आणे फरक आहे' म्हणजे चार आणे आजार शिल्लक, म्हणजे दहात अडीच. इथे उलटसुलट होऊन साडेसात लिहिलं गेलं की सगळा हिशोब बिघडतो.

सांधे मोजायला डॉक्टरच हवेत असं नाही. शिकवलेली सिस्टर उत्तम मोजते. एका रुग्णाचे सांधे दर वेळी शक्यतो एकाच व्यक्तीने मोजावेत, आणि अधूनमधून दोघांनी त्याच पेशंटचे सांधे स्वतंत्रपणे मोजून ताडून बघावं. दुखऱ्या सांध्यांवर सहसा एकमत होतं. सुजेबाबत फरक पडतो आणि तिथेच सराव लागतो.

पहिले तीन महिने फक्त एवढंच मोजा: महिन्यातल्या एकूण भेटींपैकी किती भेटींत आकडा लिहिला गेला.

पायरी ४: आकडा वाईट होता, मग काय केलं?

मला विचाराल तर सगळ्या लेखातली ही एक पायरी कुणी गाळू नये. युलारच्या शिफारशीनुसार आजार जागा असेपर्यंत दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी व्हावी. तीन महिन्यांत सुधारणा दिसली नाही किंवा सहा महिन्यांत टार्गेट गाठलं नाही, तर उपचार बदलावेत. टार्गेट म्हणजे रेमिशन, आणि जुना आजार असेल तर निदान सौम्य पातळी.

म्हणून सीडीएआय १० च्या वर निघालेल्या सगळ्या भेटी एका बाजूला काढा. त्यांतल्या किती भेटींत डोस वाढला, औषध जोडलं किंवा बदललं, सांध्यात इंजेक्शन दिलं? आणि बदललं नसेल तर कारण लिहिलंय का? कारणं रास्त असू शकतात. औषध नुकतंच बदललेलं असतं, जंतुसंसर्ग असतो, गरोदरपण असतं, दुखणं सुजेचं नसून झिजेचं असतं, पेशंट तयार नसतो, पैसे नसतात. लिहिलेलं कारण चालेल. 'औषधं पुढे चालू' एवढाच शेरा आणि शेजारी १९ हा आकडा, असे केसपेपर वेगळे काढा आणि महिन्याच्या बैठकीत एकेक करून वाचा. दोष देण्यासाठी वाचू नका. गर्दीत, थकव्यात, पेशंट कुरकुर करत नाही म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो आणि तिकडे हाड झिजत राहतं. हे वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही.

पायरी ५: औषधांची सुरक्षितता

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध. चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवही जातो. त्यात फॉलिक ॲसिडची गोळीही अनेकदा तशीच बारीक आणि पिवळी. तेव्हा दोन गोष्टी मोजा. ओळीने ३० केसपेपर घ्या: त्यांतल्या किती चिठ्ठ्यांवर वार अक्षरात, मराठीत लिहिलाय? आणि औषधं घेऊन निघालेल्या रुग्णांना थांबवून विचारा, "ही गोळी कुठल्या वारी घेता?" वार न अडखळता सांगणाऱ्यांचं प्रमाण शंभर टक्केच हवं; इथे नव्वदवर समाधान मानता येत नाही. गावच्या आठवडी बाजाराचा वार ठरवून दिला की सहसा विसर पडत नाही.

बाकीचं थोडक्यात. मेथोट्रेक्सेट किंवा लेफ्लुनोमाइड चालू असलेल्यांपैकी किती जणांचं सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनीन, म्हणजे रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी, गेल्या १२ आठवड्यांत झालं (पहिल्या तीन महिन्यांत तर दर दोन ते चार आठवड्यांनी हवं). मूल होण्याच्या वयातल्या किती जणींशी गर्भधारणेबद्दल बोलणं झाल्याची नोंद आहे. ही दोन्ही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, आणि लग्न ठरलेल्या मुलीला हे आधी कळायला हवं. बायोलॉजिक इंजेक्शन किंवा टोफासिटिनिबची गोळी सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि कावीळ बी यांची तपासणी झाली का. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्यांचे डोळे पहिल्या वर्षात एकदा, आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासले गेले का.

स्टिरॉइडबद्दल मात्र सविस्तर विचारावं. सुरुवातीला थोडे दिवस प्रेडनिसोलोन देणं योग्य असतं, पण ते शक्य तितक्या लवकर, साधारण तीन महिन्यांत, उतरवत बंद करावं असं युलार सांगतं. सहा महिन्यांनंतरही किती जण स्टिरॉइडवर आहेत, हा आकडा काढा. त्यात तुमच्या चिठ्ठीबाहेरचं स्टिरॉइडही धरा. 'कुठली पुडी, कुठलं बिननावाचं औषध घेता का?' हे न रागावता विचारलं तरच खरं उत्तर येतं.

पायरी ६: रोजचं काम जमतंय का?

सांध्यांची बेरीज डॉक्टरांना कळते. घरच्यांना कळतं ते काम. त्यासाठी एचएक्यू नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राइज यांच्या गटाने ती १९८० साली मांडली. आठ गटांत वीस प्रश्न, गुण ० ते ३. मूळ प्रश्नावलीत टबमध्ये बसून आंघोळ जमते का असं विचारलंय, जे आपल्या बहुतेक घरांना लागू नाही. भारतीय जीवनाला साजेशा आवृत्त्या झाल्या आहेत. त्यांत मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं अशा क्रिया येतात. शक्यतो त्याच वापरा. तुमच्या भागासाठी आणखी चारपाच प्रश्न जोडायचे असतील तर जोडा: भाकरी थापणं, धुणं पिळणं, ब्लाउजचे हुक लावणं, भरलेली कळशी उचलणं, विळ्याची मूठ धरणं. मात्र या जादा प्रश्नांचे गुण मूळ गुणांत मिसळू नका, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही दवाखान्याशी तुलना करता येणार नाही.

वर्षातून दोनदा एवढं पुरे. त्याच वेळी एका फेरीचा खर्चही विचारून घ्या: भाडं, तपासण्या, औषधं, सोबत आलेल्या माणसाचीही बुडालेली मजुरी.

पायरी ७: आकडे वाचताना

भागाकार करताना खाली कोण आहे ते आधी बघा. समजा सहा महिन्यांपूर्वी ६० जणांची नोंद झाली होती. आज त्यांतले ३८ येतात आणि २४ टार्गेटवर आहेत. ३८ ने भागलं तर ६३ टक्के, ६० ने भागलं तर ४० टक्के. दोन्ही लिहा, आणि बैठकीत आधी दुसरा वाचा.

रुग्ण थोडे असतील तर टक्केवारीला फार भाव देऊ नका. वीसांत एक जण इकडचा तिकडे झाला की पाच टक्के हलतात. महिन्याचा आकडा आलेखावर टिंबाने मांडा, सगळ्या टिंबांच्या मधल्या आकड्यावर आडवी रेघ ओढा. ओळीने सहा टिंबं रेघेच्या एकाच बाजूला आली तर खरोखर काही बदललंय असं समजा. एकाच महिन्याच्या चढउतारावर कुणाची पाठ थोपटू नका, कुणाला बोलूही नका. दोन डॉक्टरांची तुलना तर नकोच. ज्यांच्याकडे जुने, बिघडलेले रुग्ण पाठवले जातात त्यांचे आकडे वाईटच दिसणार.

आणि जे दवाखान्याची पायरी कधी चढलेच नाहीत त्यांचं काय? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली कॉपकॉर्ड पद्धतीचं, म्हणजे गावातल्या सांधेदुखीचं, घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं, त्यात आर.ए.चं प्रमाण प्रौढांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. तेच प्रमाण धरलं तर दोन लाख प्रौढांच्या तालुक्यात हजारएक रुग्ण असावेत. हा ढोबळ अंदाज आहे, पण तुमच्या रजिस्टरमध्ये दीडशेच नावं असतील तर उरलेले कुठे आहेत, हा प्रश्न आशाताईंच्या बैठकीत मांडायला तो पुरेसा आहे.

पायरी ८: न आलेल्यांना फोन

पुढच्या भेटीची तारीख उलटून महिना झालेल्यांची यादी दर महिन्याला काढा. फोन सिस्टरने किंवा समुपदेशकाने करावा, आणि पहिलं वाक्य "तुम्ही का आला नाहीत?" असं असू नये. "मावशी, हात कसे आहेत?" इथून सुरुवात करा. कारण ऐकून ठरलेल्या रकान्यात टाका: गोळीने मळमळतं, फरक नाही, बरं वाटलं म्हणून बंद केलं, पैसे नाहीत, लांब पडतं, घरून सोडत नाहीत, दुसरीकडे उपचार चालू, मृत्यू. दुसरीकडे गेलेल्यांना हरवलेले समजू नका. मृत्यू असेल तर कारण अवश्य विचारा आणि मेथोट्रेक्सेट चालू होतं का ते बघा.

तीन महिन्यांत सर्वांत जास्त भरलेला रकाना पुढच्या तिमाहीचं काम ठरवतो. मळमळीचा असेल तर गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी आपणहून फोन करायची पद्धत पाडा. 'लांब पडतं'चा असेल तर रक्त गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन रिपोर्ट मोबाइलवर मागवता येतो का, ते तिथल्या डॉक्टरांशी बोला. 'बरं वाटलं म्हणून बंद केलं' हा रकाना भरला असेल तर पहिल्याच भेटीत सांगण्यात काही कमी पडतंय. तेव्हा सांगणाऱ्याचे शब्द बसून ऐका आणि पाच पेशंटना बाहेर पडल्यावर विचारा, औषध किती दिवस घ्यायचं असं त्यांनी ऐकलं. ज्यांचा दोन्ही नंबरांवर पत्ता लागला नाही, त्यांचा आकडा बैठकीच्या पहिल्या पानावर, टार्गेट गाठलेल्यांच्या आकड्याशेजारी लिहा, आणि त्यांच्या गावांची नावं आशाताईंकडे द्यायची की नाही हे पेशंटची नोंदणी करतानाच त्यांना विचारून ठेवा.